युद्धातून निघताना कुत्र्याची साथ सोडावी लागू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

युद्ध पेटलेल्या देशातून बाहेर पडणाऱ्या माणसांची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात, तेव्हा त्यांतल्या कितीतरी छायाचित्रांत एखाद्या बाईच्या कडेवर, एखाद्या आजोबांच्या कोटाच्या आत किंवा लहान मुलाच्या हातातल्या पट्ट्याला कुत्रा दिसतो. ते पाहून काही वाचक हळहळतात, तर माणसांचे एवढे हाल चाललेले असताना जनावराचे कौतुक कशाला, असे काहींना वाटते. मी परळच्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले आणि निवृत्त होईपर्यंत याच शहरात प्राण्यांवर उपचार करत राहिले. त्या अनुभवावरून, आणि आमच्याच नात्यातल्या एका घरचा कुत्रा युक्रेनमधल्या खारकिव्ह शहराहून मुंबईला कसा पोहोचला हे जवळून कळल्यामुळे, माझे असे ठाम मत झाले आहे की युद्धातून पळताना कुत्रा जो चिवटपणा दाखवतो, तो त्याला त्याच्या माणसांच्या सोबतीतून मिळतो. म्हणून माणसांना सुरक्षित जागी हलवण्याची जी काही सरकारी व्यवस्था असेल, तिने कुत्र्याला त्याच्या कुटुंबापासून तोडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

माझी भाची, भाचेजावई आणि त्यांचा लहान मुलगा नोकरीनिमित्त खारकिव्हला राहत होते. तिथेच रस्त्यावर सापडलेले एक तपकिरी पिल्लू त्यांनी पाळले आणि त्याचे नाव भुऱ्या ठेवले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे रशियाने हल्ला केला, तेव्हा हे चौघे आधी इमारतीच्या तळघरात आणि नंतर शहरातील हजारो लोकांप्रमाणे मेट्रोच्या भुयारी स्थानकात उतरले. सुरुवातीला भुऱ्याची अवस्था फार वाईट होती. तो सारखा थरथरत होता, तोंडातून लाळ गळत होती, पाण्यालाही तोंड लावत नव्हता, आणि एरवी घरात कधीही न घाण करणाऱ्या या कुत्र्याचे लघवीवरचे नियंत्रण सुटले होते. कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, माणसाची मर्यादा २०,००० च्या आसपास असते. स्फोटाच्या आधीची जी शीळ माणसाला जेमतेम जाणवते ती त्याला स्पष्ट ऐकू येते, शिवाय जमिनीतून येणारा हादरा पंजांना कळतो, आणि हे सगळे कशामुळे चालले आहे हे त्याला सांगून समजावण्याची काही सोय नसते. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली शिरून बसलेला कुत्रा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तो आवाज दिवसरात्र आणि घर हादरवणारा आहे अशी कल्पना करावी.

मग भाचीच्या मुलाने स्थानकाच्या फरशीवर पसरलेल्या रजईत भुऱ्याला आपल्या पोटाशी घेतले आणि दोघेही झोपले. उठल्यावर भुऱ्याने पाव खाल्ला. त्यानंतर धमाके थांबले नव्हते, पण प्रत्येक धमाक्याला तो आधी मुलाच्या तोंडाकडे आणि मग भाचीकडे बघायचा, ती माणसे जागची हलली नाहीत तर पुन्हा मान खाली टाकायचा. भाची मला फोनवर म्हणाली, "मावशी, आम्ही त्याच्यासमोर रडायचे बंद केले, कारण आम्ही रडलो की तो उठून उभा राहतो." पशुवैद्यक म्हणून मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये ५८ कुत्री आणि त्यांच्या मालकिणी यांच्या केसांतील कॉर्टिसॉल या ताणसंप्रेरकाचे प्रमाण तपासले. त्यात असे दिसले की दीर्घकाळच्या ताणाच्या बाबतीत कुत्र्याची पातळी मालकिणीच्या पातळीबरोबर वर-खाली होते. म्हणजे घरातील माणसाची भीती कुत्र्याच्या शरीरात उतरते, आणि माणसाने स्वतःला सावरले तर तेही त्याच्यापर्यंत पोहोचते.

२ मार्च रोजी भारतीय दूतावासाने खारकिव्हमधील सर्व भारतीयांना तातडीची सूचना दिली. त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत शहर सोडून पेसोचिन, बाबाई किंवा बेझलुदोव्का गाठा, वाहन मिळाले नाही तर पायी निघा, असे त्यात म्हटले होते. त्यांतले पेसोचिन सर्वांत जवळचे, सुमारे ११ किलोमीटरवर होते. भाचीचे कुटुंब विद्यार्थ्यांच्या एका घोळक्याबरोबर तिकडे चालू लागले. रस्त्यावर बर्फ आणि बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ होते. या मिठाने कुत्र्याच्या तळव्यांना भेगा पडतात, आणि ते चाटल्याने पोट बिघडते. भाचेजावयाने मुलाचे मोजे भुऱ्याच्या चारही पायांत घालून औषधाच्या चिकटपट्टीने गुंडाळले, ही त्याची समयसूचकता मला आजही कौतुकाची वाटते. वाटेत मूल थकून बसले की भुऱ्याही थांबायचा, आणि मूल उठेपर्यंत पट्टा ओढला तरी हलायचा नाही. भाचेजावयाचे म्हणणे असे की मुलाने ते अंतर आईबापांच्या समजावण्यापेक्षा भुऱ्याच्या पुढे-मागे चालण्यामुळे पार केले. पेसोचिनला दूतावासाच्या बसगाड्या येईपर्यंत अर्धपोटी थांबावे लागले, पुढे ल्विव्हमार्गे शेहिनीच्या नाक्यावर थंडीत ताटकळावे लागले, आणि सीमा ओलांडल्यावर पोलंडमधील मेडिका येथे प्रथमच कुणीतरी माणसांना गरम सूप आणि भुऱ्याला वाडगाभर अन्न दिले.

सीमेवर त्याला कुणी परत पाठवले नाही, यामागे एक निर्णय होता. युरोपीय संघात युक्रेनमधून कुत्रा न्यायचा तर एरवी मायक्रोचिप, रेबीजची लस, लसीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त घेऊन केलेली प्रतिपिंडांची चाचणी आणि त्यानंतर तीन महिन्यांचा अवधी अशा अटी असतात. घरावर तोफगोळे पडत असताना तीन महिने कोण थांबणार? युद्ध सुरू होताच युरोपीय आयोगाने सदस्य देशांना या अटी शिथिल करण्याचा सल्ला दिला आणि पोलंड, रोमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया या शेजारी देशांनी निर्वासितांबरोबरचे प्राणी आत घेतले. आपल्या देशानेही त्या वेळी मोठे मन दाखवले, याची नोंद कृतज्ञतेने केली पाहिजे. काही भारतीय विद्यार्थ्यांनी आपली कुत्री-मांजरे सोडून विमानात बसण्यास नकार दिला होता. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने युक्रेनमधून सोडवून आणल्या जाणाऱ्या भारतीयांच्या पाळीव प्राण्यांसाठी आयातीच्या नियमांत एकवेळची सवलत दिली, आणि 'ऑपरेशन गंगा'च्या हवाई दलाच्या विमानांतून काही कुत्री आणि मांजरे आपल्या माणसांबरोबर दिल्लीजवळच्या हिंडन तळावर उतरली. त्यांतच आमचा भुऱ्याही होता. त्याच्या आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, काबूलच्या दूतावासाच्या रक्षणासाठी ठेवलेल्या इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाच्या माया, रुबी आणि बॉबी या तीन श्वानांनाही जवानांनी मागे न ठेवता सी-१७ विमानाने मायदेशी आणले होते. करायचे ठरवले की हे करता येते, हे आपल्याच यंत्रणांनी दाखवून दिले आहे.

कुत्र्याच्या या तग धरण्याविषयी लिहिताना एक मात्र स्पष्ट करायला हवे. त्याला शूरवीर ठरवून आपण मोकळे होऊ नये. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठातील संशोधकांनी १९९८ मध्ये, तान्ह्या मुलाची आईशी असलेली जवळीक तपासण्यासाठी वापरली जाणारी पद्धत कुत्र्यांवर वापरून पाहिली. अनोळखी खोलीत मालक असला तर कुत्रा खेळतो आणि फिरून बघतो, मालक गेला की दाराशी जाऊन उभा राहतो, असे त्यांना आढळले. मालक ही कुत्र्याची सुरक्षित जागा असते, आणि ती बरोबर असेल तर बाकीची जागा बदललेली त्याला चालते. घर, अंगण, रोजचे झाड, रोजचे भांडे हे सगळे हरवूनही भुऱ्या जगला, कारण हे तिघे हरवले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी पाळणाघरे चालवली होती. आईजवळ असताना अनुभवलेल्या बॉम्बहल्ल्यापेक्षा आईपासून झालेली ताटातूट मुलांना जास्त खचवते, असे त्यांचे निरीक्षण होते. मूल आणि कुत्रा यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही, पण दोन्हीकडे दिसणारी गोष्ट एकाच प्रकारची आहे असे माझे व्यवसायातील निरीक्षण सांगते.

ही सोबत तुटली की काय होते, याचे दाखलेही युक्रेनमध्येच आहेत. २७ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर प्रिपियात शहर बसगाड्यांनी रिकामे करण्यात आले, तेव्हा रहिवाशांना पाळीव प्राणी घरीच ठेवण्यास सांगितले गेले. तीन दिवसांत परत येऊ, या समजुतीने लोकांनी दारे लावली. ते परत आले नाहीत, आणि मागे राहिलेल्या कुत्र्यांना नंतर पथके पाठवून गोळ्या घालण्यात आल्या. त्यांतून वाचलेल्यांची मानली जाणारी पिलावळ आजही त्या परिसरात भटकते आणि शास्त्रज्ञ तिचा अभ्यास करतात. २०२२ मध्ये कीव्हजवळच्या बोरोदियान्का गावातील प्राणी-निवाऱ्यात कोंडलेली दोनशेहून अधिक कुत्री लढाईच्या काळात अन्नपाण्यावाचून मेली. ती कुत्री काही भुऱ्यापेक्षा कमी चिवट नव्हती.

ब्रिटनमध्ये १९३९ साली जे घडले ते वाचताना तर मन सुन्न होते. हवाई हल्ल्यांच्या काळातील प्राण्यांविषयी नेमलेल्या समितीने एक पत्रक काढले होते. जनावरांना गावाकडे पाठवा, तशी सोय नसेल तर त्यांना वेदनारहित मरण देणे अधिक दयाळूपणाचे, असा त्याचा आशय होता. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले आणि पहिल्याच आठवड्यात लंडनमधील पशुवैद्यकांच्या दारांत रांगा लागून लाखो धडधाकट कुत्री-मांजरे मारली गेली. लंडनवर मोठे बॉम्बहल्ले सुरू झाले ते त्यानंतर वर्षभराने, आणि घरात राहू दिलेल्या प्राण्यांनी तो काळही आपल्या माणसांच्या पायाशी काढला. त्या रांगांतले लोक क्रूर नव्हते. त्यांना एका सरकारी कागदाने चुकीचा सल्ला दिला होता. म्हणूनच अशा कागदांत काय लिहिले जाते याची मला एवढी काळजी वाटते.

आता मुंबईकडे येते. संकटातून आलेली माणसे पाहण्याची या शहराला सवय आहे. फाळणीनंतर कराचीहून बोटींनी आलेली सिंधी कुटुंबे इथल्याच धक्क्यावर उतरली आणि पुढे कल्याणजवळच्या छावणीत राहिली, १९९० मध्ये कुवेतमधून सुटलेले लाखाहून अधिक भारतीय अम्मानहून विमानांनी इथेच आले, आणि 'ऑपरेशन गंगा'चे पहिले विमान २६ फेब्रुवारी २०२२ रोजी बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन मुंबईतच उतरले. माझ्याकडे उल्हासनगरहून आपली कुत्री दाखवायला येणारे एक वृद्ध सिंधी गृहस्थ होते. कराचीच्या घरी शेजाऱ्याकडे सोडून आलेल्या कुत्र्याचे नाव ते आपल्या प्रत्येक नव्या कुत्र्याला देत. घरदार, जमीनजुमला यांविषयी ते कधी फारसे बोलले नाहीत, त्या कुत्र्याविषयी मात्र दर वेळी बोलत, आणि तेव्हा त्यांचा आवाज कापरा होई.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले, तसे ते मुंबईतही झाले. भोंगे वाजले, जखमींना हलवण्याची प्रात्यक्षिके झाली. त्या दिवसांत मला अनेक जुन्या ओळखीच्यांनी फोन करून विचारले की खरोखर वेळ आली तर कुत्र्याचे काय करायचे. याचे उत्तर देणारी ठळक, सोप्या मराठीतली सूचना नागरिकांच्या हाती पडायला हवी. पावसाळ्यात दरडीखालच्या वस्त्या रिकाम्या करताना आपण महापालिकेच्या शाळा उघडतो. त्यांतला एखादा तळमजल्याचा वर्ग किंवा पत्र्याचा आडोसा प्राणी बरोबर असलेल्या कुटुंबांसाठी ठेवला, तर प्राण्यांची भीती किंवा अ‍ॅलर्जी असलेल्या लोकांनाही त्रास होणार नाही. निदान एवढे तरी प्रत्येक सूचनेत असावे की घर सोडताना कुत्र्याला बांधून किंवा कोंडून जाऊ नये. २६ जुलै २००५ च्या पुरात बांधलेली जनावरे जागच्या जागी बुडाली, हे मुंबईने पाहिले आहे.

माणसांनाच जागा पुरत नसताना कुत्र्यांचे काय घेऊन बसलात, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो विचारणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. एक जागा आणि एक माणूस असा प्रश्न आला तर जागा माणसाचीच, यात वाद नाही. पण मांडीवर बसणारा कुत्रा बहुतेक वेळा कुणाची जागा अडवत नाही, आणि त्याला नाकारल्याने माणसे मात्र मागे राहतात. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळात प्राणी सोडावे लागतील म्हणून कित्येकांनी घर सोडले नाही. त्यानंतर २००६ मध्ये तिथे कायदा झाला, आणि केंद्राचा निधी हवा असेल तर राज्यांनी व स्थानिक यंत्रणांनी आपल्या आपत्ती आराखड्यांत पाळीव प्राण्यांचाही विचार केला पाहिजे, असे ठरले. माणसे वाचवण्यासाठीच तो कायदा करावा लागला. खारकिव्हमध्ये कुत्र्याला सोडून निघण्याचा आदेश असता तर तुम्ही काय केले असते, असे मी भाचीला विचारले होते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली की मुलाला ओढून न्यावे लागले असते.

सरकारने करायचे ते सरकार करील, कुत्रा पाळणाऱ्यांनीही आपली बाजू सांभाळली पाहिजे. भाचीने पासपोर्टच्या पिशवीतच भुऱ्याचे लसीकरणाचे पुस्तक ठेवले होते म्हणून पुढे प्रत्येक टप्प्यावर काम सोपे झाले. मुंबईत महापालिकेचा श्वान-परवाना काढणे बंधनकारक आहे, तरीही तो न काढणारी घरे माझ्या पाहण्यात पुष्कळ आहेत. रेबीजची लस दरवर्षी वेळेवर द्यावी, पंधरा अंकी मायक्रोचिप बसवून घ्यावी आणि कुत्र्याला पिंजऱ्यात शांत बसण्याची व तोंडाला जाळी लावून घेण्याची सवय लहानपणापासून लावावी, कारण गर्दीत घाबरलेला कुत्रा चावला तर दोष त्याच्या माथी येतो. प्रवासात गुंगीचे औषध आपल्या मनाने कधीही देऊ नये. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना, ज्यांची संख्या मुंबईत फार मोठी आहे, गर्दीत आणि उकाड्यात श्वास घेणे जड जाते, त्यांच्या मालकांनी तर आधीच पशुवैद्यकाशी बोलून ठेवावे. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड करतो, त्यामुळे पळापळीत अन्न राहिले तरी चालेल, पण पाण्याची बाटली राहू नये.

हिंडनहून भुऱ्याला मुंबईला रेल्वेच्या वातानुकूलित प्रथम वर्गाचा अख्खा कूपे आरक्षित करून आणले. नियमानुसार कुत्रा आपल्याबरोबर डब्यात न्यायचा तर तसेच करावे लागते, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत एकटे राहावे लागते, आणि त्या अवस्थेत भाची त्याला एकटे ठेवायला तयार नव्हती. मार्चचा उकाडा त्याला सोसवेना, तळव्यांच्या भेगा भरायला वेळ लागला, आणि कुकरची शिट्टी झाली की तो आजही दचकतो. पुढे दिवाळी आली तेव्हा आम्ही सगळेच धास्तावलो होतो. फटाके सुरू होताच तो कापू लागला, मात्र पलंगाखाली शिरला नाही. तो उठून मुलाच्या अभ्यासाच्या खुर्चीपाशी गेला आणि त्याच्या पायांवर अंग टाकून बसला. मेट्रोच्या स्थानकात शिकलेला उपाय त्याला आठवत होता. भीती गेली नव्हती, पण ती आली की कुठे जायचे हे त्याला माहीत होते, आणि एवढे माहीत असलेला कुत्रा बऱ्याच गोष्टींतून तरून जातो, असे मी इतक्या वर्षांच्या कामावरून सांगू शकते.

महाराष्ट्राच्या नागरी संरक्षण संचालनालयाने आणि मुंबई महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाने पुढील सरावाच्या वेळी पाळीव प्राणी असलेल्या काही कुटुंबांना मुद्दाम सामील करून घ्यावे, म्हणजे कोणत्या अडचणी येतात ते प्रत्यक्षच दिसेल. माझ्याबरोबर शिकलेले आणि आता निवृत्त झालेले अनेक पशुवैद्यक परळ, दादर, माहीम भागांत राहतात. अशा सरावात मदत करण्याची, सूचनापत्रकाचा मजकूर तपासून देण्याची आणि लसीकरणाच्या व मायक्रोचिपच्या शिबिरांत विनामूल्य काम करण्याची आमची तयारी आहे. आपल्या वृत्तपत्रातून ही तयारी संबंधितांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त पशुवैद्यक,
परळ, मुंबई